राजा आणि संसद यांच्यातील पेच कसा वाचावा

राजा आणि निवडून आलेली संसद यांच्यात बिनसले की वृत्तांतात आधी भाषणे येतात. राजा देशाच्या ऐक्याविषयी बोलतो, संसद जनतेच्या कौलाविषयी बोलते आणि दोघांचे ऐकून लगेच बाजू घेण्याचा मोह होतो. तो आवरून आधी त्या देशाची राज्यघटना उघडावी आणि तिच्यात एकच तरतूद शोधावी: संसद विसर्जित करण्याचा अधिकार कोणाला आहे आणि विसर्जनानंतर किती दिवसांत निवडणूक झालीच पाहिजे. माझ्या मते निम्मे उत्तर त्या मुदतीतच असते, कारण संसदेला हवे तितके दिवस ताटकळत ठेवण्याची मुभा ज्याला आहे, त्याला तिच्याशी वाद घालून जिंकण्याची गरजच उरत नाही.

कुवेतवर हे करून पाहावे. तेथील १९६२ च्या घटनेचे कलम १०७ अमीराला, म्हणजे तेथील राजाला, संसद विसर्जित करू देते, मात्र फर्मानात कारण नमूद करावे लागते आणि त्याच कारणासाठी पुन्हा विसर्जन करता येत नाही. खरी मेख त्यापुढे आहे. दोन महिन्यांच्या आत निवडणूक झाली नाही, तर विसर्जित झालेली संसदच आपल्या सर्व अधिकारांसह पुन्हा अस्तित्वात येते. हे वाचल्यावर कुवेतमधील विसर्जने दोन जातींची आहेत हे ध्यानात येते. १९९९ मध्ये संसद विसर्जित झाली आणि मुदतीत निवडणूकही झाली. तो राजकीय वाद होता आणि तो मतदारांनी निकालात काढला. १९७६ आणि १९८६ मध्ये मात्र विसर्जनाबरोबर ही मुदतच गुंडाळून ठेवण्यात आली, आणि नव्या संसदेसाठी निवडणूक व्हायला पहिल्या वेळी १९८१ आणि दुसऱ्या वेळी १९९२ उजाडले. १० मे २०२४ रोजी अमीर शेख मिशअल यांनी ४ एप्रिलला निवडून आलेली संसद तिची पहिली बैठक होण्याआधीच विसर्जित केली आणि घटनेतील काही कलमे जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. म्हणून राजघोषणा हाती आली की ‘विसर्जित’ या शब्दावर न थांबता ‘स्थगित’ हा शब्द शोधावा. पहिला शब्द घटनेच्या आतला असू शकतो. दुसरा बहुधा घटनेलाच हात घालतो.

त्यानंतर भांडण नेमके कोणत्या अधिकारावरून पेटले ते पाहावे. घटनेनुसार कुवेतच्या संसदेत ५० सदस्य निवडून येतात, पण पंतप्रधान अमीर नेमतात आणि निवडून न आलेले मंत्रीही पदसिद्ध सदस्य म्हणून सभागृहात बसतात. कोणताही सदस्य मंत्र्याला जाब विचारू शकतो आणि त्यातून त्या मंत्र्यावर अविश्वास ठरावही येऊ शकतो. पंतप्रधानांवर तसा ठराव आणता येत नाही. त्यांच्याशी सहकार्य शक्य नाही एवढेच संसद जाहीर करू शकते, आणि मग पंतप्रधानांना घरी पाठवायचे की संसदेला, हे अमीर ठरवतात. महत्त्वाची खाती वर्षानुवर्षे राजघराण्यातील व्यक्तींकडे राहिल्याने मंत्र्याला विचारलेला प्रश्न थेट राजवाड्याच्या दारात जाऊन उभा राहतो. अधिकारांची अशी विभागणी समजली की तेथे वारंवार होणाऱ्या विसर्जनांचे आश्चर्य वाटत नाही.

तिसरी गोष्ट तिजोरी, आणि येथे घाई करू नये. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून ११ वर्षे संसद बोलावलीच नाही. संसदेच्या मंजुरीविना कर हवा होता, म्हणून त्याने किनारपट्टीच्या संरक्षणासाठी घेतला जाणारा जुना जहाज कर उकरून काढला आणि १६३५ मध्ये तो समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही बसवला. जॉन हॅम्पडेन यांनी आपल्या वाट्याचे अवघे २० शिलिंग भरायला नकार दिला. १२ न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले आणि पाच विरोधात. खटला राजाने जिंकला, तरी पाच न्यायाधीश उघडपणे विरोधात गेल्याने कर न भरणाऱ्यांना बळ मिळाले. पुढे स्कॉटलंडशी युद्ध उभे राहिले, पैसा संपला आणि १६४० मध्ये त्याच राजाला संसद बोलवावी लागली. तिने आधी काय केले हे पाहण्यासारखे आहे. १६४१ च्या फेब्रुवारीत किमान तीन वर्षांतून एकदा संसद भरलीच पाहिजे असा कायदा झाला आणि मे महिन्यात तिच्या संमतीविना तिचे विसर्जन होणार नाही असा दुसरा कायदा आला. दिनदर्शिका राजाच्या हातातून काढून घेण्याचे एवढे सरळ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स सशस्त्र माणसे घेऊन पाच सदस्यांना पकडायला सभागृहात शिरला आणि सभापतींच्या आसनापाशी गेला, पण ते पाचही जण आधीच निसटले होते. ते कोठे आहेत असे त्याने विचारताच सभापती विल्यम लेन्थॉल यांनी गुडघे टेकले आणि सभागृहाच्या आज्ञेवाचून आपल्याला येथे डोळे नाहीत आणि जीभही नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. देहबोली राजनिष्ठेची आणि उत्तर नकाराचे. अशा प्रसंगांत शब्दांबरोबर माणसे कशी उभी राहतात हेही टिपावे ते याचसाठी.

घटना जेथे बोलत नाही ती जागा वेगळी अधोरेखित करावी. १८६२ मध्ये प्रशिया या जर्मन राज्यात लष्करावरील खर्चावरून राजा आणि कनिष्ठ सभागृह यांचे जुळेना, तेव्हा राजाचे पंतप्रधान बिस्मार्क यांनी असा युक्तिवाद केला की अर्थसंकल्पावर एकमत झाले नाही तर काय करावे याविषयी घटना गप्प आहे, आणि राज्यकारभार थांबवता येत नसल्याने सरकारने खर्च करत राहावे. चार वर्षे तसेच चालले. १८६६ च्या युद्धविजयानंतर सभागृहाने मागचा खर्च कायद्याने माफ करून टाकला. घटनेतील अशी मोकळी जागा बहुतेक वेळा ज्याच्याकडे फौज आणि कारकून असतात त्याच्याच पदरात पडते.

यानंतर घटनाक्रम तारखांसह कागदावर मांडावा, कारण स्मरणातली गोष्ट बहुधा एकाच्याच माथी दोष मारते. नेपाळच्या राजा ज्ञानेंद्र यांनी संसद मोडली असे सर्रास म्हटले जाते. तारखा लावल्या की मे २००२ मधील विसर्जन पंतप्रधान देउबा यांच्या शिफारशीने झाले होते आणि राजाने देउबांना ४ ऑक्टोबरला हटवले हे दिसते. संसदच नसल्यामुळे राजाला अडवणारे कोणी उरले नव्हते. देउबांना हटवण्यासाठी राजाने घटनेतील अडचणी दूर करण्यापुरत्या असलेल्या कलम १२७ चा आधार घेतला, आणि १ फेब्रुवारी २००५ रोजी सारी सत्ताच हाती घेतली. लोक रस्त्यावर उतरल्यावर २४ एप्रिल २००६ च्या रात्री तीच जुनी संसद त्यांना पुन्हा जिवंत करावी लागली.

सहीवरून होणारे वाद तुलनेने लवकर उलगडतात. गर्भपाताच्या कायद्यावर सही करणे बेल्जियमचे राजे बोदुएँ यांच्या सद्सद्विवेकाला पटेना, तेव्हा एप्रिल १९९० मध्ये मंत्रिमंडळाने त्यांना अल्पकाळासाठी राज्य करण्यास असमर्थ ठरवले आणि कायदा स्वतःच्या सहीने लागू केला. लक्झेंबर्गमध्ये २००८ साली इच्छामरणाच्या कायद्याला तेथील राजप्रमुख ग्रँड ड्यूक हेन्री यांनी संमती नाकारल्यावर पुढच्या वर्षी घटनेतून संमतीचा अधिकारच काढून टाकण्यात आला. दोन्हीकडे सिंहासन टिकले.

पेच संपल्याचे जाहीर झाल्यावर कागद मिटवू नये. सरकारी नावे बदलली का ते पाहावे. पुन्हा भरलेल्या नेपाळच्या संसदेने १८ मे २००६ रोजी ‘श्री ५ को सरकार’ (म्हणजे महाराजांचे सरकार) हे नाव काढून ‘नेपाल सरकार’ केले आणि शाही नेपाळी सेनेतील ‘शाही’ शब्द वगळला. त्यानंतर दोन वर्षांनी राजसंस्था संपुष्टात आणण्याच्या बाजूने संविधान सभेत ५६० मते पडली आणि विरोधात चार. कुवेतसाठी मे २०२८ हा महिना टिपून ठेवावा, कारण २०२४ च्या फर्मानातील चार वर्षे तेव्हा पूर्ण होतील.