पैलवानाच्या पोर्ट्रेटवर अभिप्राय कसा द्यावा, कसा घ्यावा

‘कडक भावा’, ‘नाद खुळा’ असं म्हटलं की फोटोग्राफर खूश होतो, पण त्याचा पुढचा फोटो सुधारत नाही. ‘शॅडो थोडे उचल’, म्हणजे अंधारे भाग उजळ कर, हा सल्ला तर त्याहून वाईट, कारण तो ऐकायला तांत्रिक वाटतो आणि पोरं तो मनावर घेतात. काळ्या पडद्यासमोर, एका दिव्यात काढलेल्या पैलवानाच्या किंवा बॉडीबिल्डरच्या फोटोत अंधार हाच अर्धा फोटो असतो. तो सगळा उचलला की हातात ओळखपत्रावरचा फोटो उरतो.

मी तालमीत आणि जिममध्ये बरीच वर्षं पोर्ट्रेट काढतोय आणि इतरांचे बघून त्यावर बोलतोय. त्यातून बसलेली ही पद्धत.

१. आधी नीट बघा

फोनचा ब्राइटनेस मध्यावर आणा, मग बोला. फोटो छापायचा असेल तर ८×१२ इंचाची एक प्रिंट काढून बघा. मॅट कागदावर काळा रंग फिका पडतो आणि सावलीतले बारकावे हरवतात.

२. नजर आधी कुठे गेली, ते सांगा

एवढंच सांगा, कारण नको. नजर दंडावर गेली आणि तिथेच राहिली, तर चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका आहे का? तो नसेल आणि डोळे भुवयांच्या सावलीत बुडाले असतील, तर माझ्या मते ते पोर्ट्रेट नाही, दंडाचा फोटो आहे.

३. शरीराची तक्रार उजेडाच्या भाषेत सांगा

मी सगळ्यात जास्त अडलो ते इथे, आणि बहुतेक अभिप्राय वाया जातात तेही इथेच. ‘पोट दिसतंय’, ‘कट्स नाहीत’, ‘मान कुठे गेली’ ही वाक्यं फोटोवर बोलल्यासारखी वाटतात, पण लागतात समोर उभ्या असलेल्या माणसाला. खरं तर यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार दिव्याची, लेन्सची किंवा कॅमेऱ्याच्या उंचीची असते. ती तशी सांगता आली तरच तोंड उघडा.

‘कट्स नाहीत’ घ्या. स्नायू दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, पांढऱ्या कापडाची पेटी लावलेला दिवा) समोरून लावला की पोटावरची प्रत्येक खाच उजेडाने भरून जाते. तोच दिवा बाजूला, शरीराच्या किंचित मागे नेला की उजेड कातडीला घासत जातो आणि त्याच पोटावर खाचा उमटतात. म्हणून ‘दिवा समोर आहे, डाव्या खांद्यामागे ने’ असं म्हणा.

मान गायब झाली असेल तर काळे केस आणि खांदे काळ्या पडद्यात मिसळलेत. मागून एक छोटा दिवा ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी) लावून मारा, म्हणजे कड सुटेल आणि उजेड लेन्समध्येही शिरणार नाही. छाती अवाढव्य आणि डोकं लिंबाएवढं दिसत असेल तर कमरेच्या उंचीवरून, जवळ जाऊन, वाइड लेन्सने काढलंय. ८५ मिमीची लेन्स लावा, मागे सरका, कॅमेरा छातीपर्यंत वर घ्या. चेहरा उजळ पण कंबर काळीठिक्कर असेल, तर दिवा फार जवळ आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो: चेहरा २ फुटांवर आणि कंबर ४ फुटांवर असेल, तर कमरेला चौथा हिस्साच मिळतो. दिवा मागे नेऊन ६ आणि ८ फूट करा, कमरेला निम्म्याहून जास्त उजेड मिळेल. पॉवर मात्र वाढवावी लागेल.

मी याबाबत हट्टी आहे, त्याला कारण आहे. बॉडीबिल्डरचं स्पर्धेच्या दिवसाचं शरीर वर्षभर टिकत नाही आणि टिकवायचंही नसतं. ‘कट्स नाहीत’ ऐकून विशीतला पोरगा पुढच्या शूटआधी पाणी तोडतो. त्याने चक्कर येते, पायात गोळे येतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. दिवा दोन फूट सरकवून जे मिळतं, त्यासाठी कुणाला तहानलेलं ठेवू नका.

पैलवानाला तर जिमचं माप लावूच नका. कोल्हापूरच्या तालमीतला पोरगा जोर-बैठका, दूध, तूप आणि थंडाईवर तयार होतो. त्याची ताकद मान, कंबर आणि मांड्यांत असते. त्याच्या पोटावर सिक्स पॅक शोधणाऱ्याने कुस्ती पाहिलेली नसते. मल्लखांबपटू सडसडीत असतो, त्याच्या खांद्याला बॉडीबिल्डरचा गोल खांदा मागू नका. कातडीही वेगळी वागते. तेल लावलेलं अंग चमकतं आणि पांढरं फुटतं. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीने माखलेलं अंग उजेड पिऊन टाकतं. तिथे जास्त उजेड मागा, माती पुसायला सांगू नका. कुस्तीत रगडून मोडलेला कान ‘रिटच कर’ असं कुणी सुचवलं, तर तिथल्या तिथे नाही म्हणा. तो कान त्या माणसाने कमावलाय.

४. वस्तादाला दाखवा

फोटोग्राफरला न दिसणारं त्यांना दिसतं. ते आधी पाय बघतात: ‘अरं, असा हुभा राह्यला तर पहिल्याच पटाला पडंल की!’ (पट म्हणजे पाय धरून पाडायचा डाव.) पवित्रा चुकला असेल तर उजेड कितीही देखणा असो, तो फोटो बाद.

५. अभिप्राय घेताना

एकच फोटो दाखवा. दहा दाखवले की लोक त्यातला आवडता निवडून मोकळे होतात. दाखवल्यावर गप्प बसा. वीज गेली होती, जागा अपुरी होती, यातलं काही सांगू नका. लोकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

मग त्यातली जागा घ्या, उपाय सोडा. तिघांनी तीन वेगळे उपाय सांगितले पण बोट एकाच खांद्यावर ठेवलं, तर त्या खांद्यात नक्की काहीतरी बिघडलंय. उपाय तुम्ही शोधा, कारण दिवा कुठे होता ते तुम्हालाच माहीत आहे.

ज्याचा फोटो आहे त्याला तो सगळ्यांच्या आधी दाखवा. तालमीतली बरीच पोरं १८ च्या आतली असतात. लंगोटातला फोटो चार लोकांपुढे ठेवण्याआधी आईवडील आणि वस्ताद, दोघांचाही होकार घ्या. त्याला फोटो नको असेल तर विषय संपला, कारण विचारू नका.

पुढच्या शूटला एकच गोष्ट बदला: दिव्याची जागा, नाहीतर अंतर, नाहीतर कॅमेऱ्याची उंची. तोच माणूस, तोच पवित्रा ठेवा आणि जुना-नवा फोटो शेजारी लावून त्याच लोकांना विचारा, नजर आता कुठे जाते.