नव्या प्रत्यारोपण समन्वयकांनो, हा प्रश्न विचारायला शिका

एमएसडब्ल्यू किंवा नर्सिंग करून या कामात येणारी मुलंमुली मला आधी कायद्याचं विचारतात. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा, त्यातली २०११ ची दुरुस्ती, परवानगी देणाऱ्या समितीपुढची कागदपत्रं हे काम करता करता अंगवळणी पडतं. किडनी बसवलेल्या माणसाला शरीरसंबंधांबद्दल कसं विचारायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही.

डायलिसिसवर असताना अनेकांची इच्छा मरते, बायकांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. नवी किडनी चालू लागली की काही महिन्यांत हे बहुधा पूर्ववत होतं. नेमक्या त्याच काळात शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड या औषधांनी प्रतिकारशक्ती जास्तीत जास्त दाबलेली असते. मग हर्पीसचे फोड पुन्हा पुन्हा उठतात, एचपीव्ही या विषाणूच्या चामखिळी हटत नाहीत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो.

गडहिंग्लज-चंदगडकडचा पेशंट एकटा येत नाही. भाऊ, मेहुणा, कधी सासूही बरोबर असते. त्यांच्यासमोर तो "काय न्हाई मॅडम, बरं हाय" एवढंच म्हणणार. मी वजन-बीपीच्या निमित्तानं त्याला एकट्याला आत घेते आणि दार लावते. "मामा, हे मी सगळ्यांनाच विचारते. संबंध सुरू झालेत का? त्या जागी फोड, जखम, लघवीला जळजळ?" 'सगळ्यांनाच' म्हटलं की माणूस सैलावतो. बायकांशी शक्यतो बाईनंच बोलावं.

लाजेपोटी लोक आमच्याकडे न येता परस्पर मेडिकलमधून गोळ्या घेतात, मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. अंगावरून पांढरं जातंय म्हणून घेतलेलं फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतं, आणि ती फार वाढली की किडनीलाच इजा होते. लैंगिक आजारांवर उपचार करणाऱ्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये अंगावरून जाण्यासाठी जे हिरवं औषधांचं किट देतात, त्यातही फ्लुकोनॅझोल असतं. म्हणून तिथे पाठवताना चालू औषधांची यादी चिठ्ठीवर लिहून द्या आणि नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) फोन करा. एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर तर टॅक्रोलिमसची पातळी कित्येक पटींनी चढवतं.

आपल्याकडे किडनी देणारी पुष्कळदा बायकोच असते. नवऱ्याला संसर्ग निघाला तर तिचीही तपासणी आणि उपचार हवेत, नाहीतर तोच संसर्ग फिरून येतो. पण ही गोष्ट तिला त्यानं सांगायची, तुम्ही फक्त पाठपुरावा करायचा. एचआयव्हीच्या बाबतीत संमती आणि गोपनीयता २०१७ च्या कायद्यानंच बांधून दिली आहे. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत निदान लिहिलेलं दिसलं तर मला संताप येतो. ती फाइल केस पेपरच्या खिडकीपासून लॅबपर्यंत किती हातांतून जाते, बघा.

लसींचं शस्त्रक्रियेआधीच मार्गी लावा. हेपटायटिस बीची लस डायलिसिसच्या पेशंटला दुप्पट मात्रेत लागते. एचपीव्हीची लस जिवंत विषाणूची नसते, त्यामुळे राहिली तर नंतरही देता येते.

तरुण जोडप्याला आणखी एक सांगायचं: मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे. मूल हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षभर थांबून, डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यायचं. तोवर निरोध वापरायचा, आणि त्याच्या जोडीला दुसरं कोणतं साधन घ्यायचं हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायचं. हे बोलणं डिस्चार्जच्या दिवशी करू नका. त्या दिवशी बिल आणि गोळ्यांच्या वेळा यांपलीकडे कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. टाके निघाल्यावरच्या पहिल्या ओपीडीत करा.