इन्सुलिन घेत असाल तर व्यायामाच्या वेळी साखर कशी सांभाळाल?

व्यायामाला निघताना बहुतेक जण ग्लुकोमीटरवर आकडा बघतात, तो ठीक वाटला की बूट चढवतात. पण 140 (mg/dL) हा आकडा जेवणाच्या इन्सुलिननंतर तासाभराने दिसला तर त्याचा अर्थ एक, आणि सकाळी उपाशीपोटी दिसला तर अगदी वेगळा. म्हणून पहिला प्रश्न हा: शेवटचं इन्सुलिन कधी घेतलं आणि किती?

मधुमेह नसलेला माणूस धावू लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं आपोआप कमी करतं. टोचून घेतलेलं इन्सुलिन असं मागे घेता येत नाही. काम करणारे स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढतात, वरून हे इन्सुलिन यकृताला साखर सोडू देत नाही. दोन्हीकडून गळती लागते आणि साखर झपाट्याने उतरते.

वेळ आणि डोस आधी ठरवा

जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनचा जोर साधारण पहिल्या दोन तासांत सर्वाधिक असतो आणि असर चार-पाच तास रेंगाळतो. चालणं, धावणं, सायकल, पोहणं अशा सलग व्यायामासाठी ते दोन तास टाळता आले तर निम्मं काम झालं. सकाळी, त्या दिवसाचं जलद इन्सुलिन घेण्याआधी केलेल्या व्यायामात साखर सहसा कमी घसरते. काहींची तर थोडी चढते.

जेवणानंतर लगेचच व्यायाम करायचा असेल तर त्या जेवणाचा डोस कमी करतात. अर्धा तास हलका व्यायाम असेल तर सुमारे 25 टक्के, मध्यम असेल तर 50, जोरदार असेल तर 75 टक्क्यांपर्यंत. हे सुरुवातीचे अंदाज आहेत. तुमचा आकडा डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि दर वेळी काय झालं ते लिहून ठेवा. पंप (अंगाला जोडलेलं, इन्सुलिन सोडत राहणारं यंत्र) वापरणाऱ्यांनी बेसल, म्हणजे सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, 50 ते 80 टक्के कमी करायचं, तेही व्यायामाच्या तास-दीड तास आधी. दारातून बाहेर पडताना पंप काढला तर फारसा उपयोग नाही, कारण आधीचं इन्सुलिन अंगात असतंच. धावणार असाल तर मांडीत टोचू नका. तिथलं इन्सुलिन लवकर रक्तात उतरतं.

आता आकडा बघा

90 च्या खाली असेल तर 10 ते 20 ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि 90 च्या वर येईपर्यंत थांबा. 90 ते 125 च्या दरम्यान असेल तर सलग व्यायामाआधी 10 ग्रॅम घ्या. 126 ते 180 ही सुरुवातीची सोयीची पातळी. 270 च्या वर असेल आणि त्याचं कारण नुकतंच केलेलं जेवण नसेल, तर आधी कीटोन तपासा (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ). रक्तातले कीटोन 1.5 mmol/L किंवा जास्त असतील तर व्यायाम करायचाच नाही, आधी त्यावर उपचार. अंगावर लावलेला, साखर सतत मोजणारा सेन्सर असेल तर साखर कुठे चाललीय ते दाखवणारा बाणही बघा: 130 आणि खाली जाणारा बाण हा 130 नव्हे.

मागच्या 24 तासांत दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर लो झाली असेल, तर त्या दिवशी सुट्टी घ्या. यात मला तडजोड मान्य नाही.

वजनं आणि जोरदार धावा

इथे गणित उलटू शकतं. जड वजनं किंवा छोट्या वेगवान धावांनी अॅड्रेनलिन वाढतं, यकृत साखर सोडतं आणि व्यायामानंतर आकडा 200 च्या वरही दिसू शकतो. घाबरून लगेच पूर्ण डोस टोचू नका. बऱ्याचदा ही साखर थोड्या वेळाने आपणच उतरते. एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर वजनं आधी, धावणं नंतर. साखर जास्त स्थिर राहते.

व्यायाम चालू असताना

निदान दर अर्ध्या तासाने तपासा. सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर वेगाने घसरत असताना तो काही मिनिटं मागे असतो. अंगाला वेगळं काही जाणवत असेल आणि सेन्सर सगळं ठीक म्हणत असेल, तर बोट टोचून बघा. डोस कमी न करता लांबचा व्यायाम करत असाल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागू शकतात.

आकडा 70 च्या खाली गेला तर थांबा. 15 ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. घाम, धडधड, पायातला थरथराट ही व्यायामाची लक्षणं आहेत तशी लो शुगरचीही. म्हणून अंदाजावर राहू नका.

रात्रीची तयारी

खरी फसगत इथे होते. व्यायामात वापरलेला साठा स्नायू नंतर कित्येक तास भरून काढत असतात आणि इन्सुलिनचा असरही वाढलेला असतो. त्यामुळे संध्याकाळी खेळलेल्याची साखर रात्री, झोपेत पडू शकते. अशा दिवशी पंपावरचं रात्रीचं बेसल सुमारे 20 टक्के कमी करतात. इंजेक्शन घेणाऱ्यांनी दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. झोपण्यापूर्वी तपासा, गरज वाटली तर काही खा, सेन्सरचा अलार्म चालू ठेवा, नाहीतर मध्यरात्री घड्याळ लावून एकदा बघा. त्या रात्री दारू नको. ती यकृताला साखर सोडू देत नाही.

सोबत व्यायाम करणाऱ्या एकाला तरी ग्लुकागॉन (साखर फार पडली तर ती वर आणणारं तातडीचं औषध) कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं ते दाखवून ठेवा. तुम्ही शुद्धीवर नसाल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची, हेही सांगून ठेवा.