ट्रायथलॉनला निघताना: मीठ, आणि बाकीचं सामान

यंदा आपल्या सोलापूरच्या पहाटेच्या सायकलवाल्यांपैकी तिघं पहिल्यांदाच गोव्याच्या अर्ध्या ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या शर्यतीला, निघालेत. गेल्या आठ दिवसांत तिघांनीही मला वेगवेगळं गाठून एकच विचारलं, "काय काय घ्यायचं?" तीनदा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. हे सांगायचा माझा अधिकार एवढाच, की मागच्या वेळी मी तिथं जाऊन व्यवस्थित माती खाल्ली. १.९ किलोमीटर पोहलो, ९० किलोमीटर सायकल मारली, आणि २१.१ पैकी चौदा धावून खाटेवर आडवा झालो. पाय कमी पडले नव्हते, दम कमी पडला नव्हता. मीठ विसरलो होतो.

चष्मा, टोपी, हेल्मेट, बूट, ओळखपत्र हे सांगत बसत नाही. ज्याला हेल्मेट घ्यायचं आठवत नाही त्यानं पार्कवरच फेऱ्या माराव्यात.

"अर्धी" या शब्दावर मात्र जाऊ नका. पूर्ण म्हणजे ३.८ पोहणं, १८० सायकल आणि वर ४२.२ ची अख्खी मॅरेथॉन, म्हणून ही अर्धी, एवढंच. ऑफिसात कुणीतरी मिलिंद सोमण काढतंच. त्यांनी २०१५ साली पन्नाशीत झुरिकला आयर्नमॅन, म्हणजे ही पूर्ण लांबीची शर्यत, १५ तास १९ मिनिटांत केली, मग तुम्हाला अर्धी काय जड? अहो, तो माणूस पोहण्यातला राष्ट्रीय विजेता. आपण विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली माणसं.

म्हणून आधी पोहणं. पोहण्याच्या तलावात तळाला काळी रेघ असते आणि दर फेरीला भिंतीला पाय देऊन फुकटची विश्रांती मिळते. समुद्रात रेघ नाही, भिंत नाही, आणि शेजारच्याची लाथ आहे. तलावात दीड तास न थांबता, भिंतीला पाय न देता पोहून बघा, मग कळेल खरं अंतर किती जातं. दर सहा-आठ हातांनी डोकं किंचित वर काढून पुढं बघायची सवय आत्ताच लावा. मी मान खाली घालून इमानदारीत पोहत राहिलो आणि वाट दाखवणाऱ्या नारिंगी फुग्याऐवजी एका होडीच्या दिशेनं निघालो होतो. सरावासाठी हिप्परग्याच्या तलावात उतरू नका. गावाचं पिण्याचं पाणी आहे ते, आणि एकट्यानं उघड्या पाण्यात जाणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. गोव्यात दोन दिवस आधी पोचा आणि तिथं सगळ्यांबरोबर एकदा पाण्यात जाऊन या. वेटसूट, म्हणजे पोहायचा रबरी पोशाख, विकत घेऊ नका. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की तो घालता येत नाही, आणि गोव्याचा समुद्र त्याहून कोमटच असतो. व्हॅसलिन मानेला, काखेत, मांड्यांना. लाजू नका, भरपूर लावा. खाऱ्या पाण्यानं घासलेल्या मानेवर नंतर सहा तास ऊन पडतं.

सायकल. ९० किलोमीटर म्हणजे तुळजापूरला जाऊन परत. आई भवानीच्या कृपेनं मध्ये घाटही आहे, त्यामुळं सोलापूरकरांना सरावाची तक्रार करायला जागा नाही. रविवारी पहाटे पाचला निघा, दहाच्या आत घरी. मागच्या चाकाची ट्यूब स्वतः बदलता आली पाहिजे, यूट्यूबवर बघून नव्हे, ऑइलानं काळ्या झालेल्या हातांनी रस्त्याकडेला बसून. दोन ट्यूब, टायर उचकटायचे लिव्हर, पंप. आणि एक आपल्याकडची खास गोष्ट: निघायच्या आधल्या आठवड्यात दोन्ही टायर काढून आतून अंगठा फिरवा. बाभळीचा काटा टायरात मोडून बसतो, बाहेरून काळा ठिपकासुद्धा दिसत नाही. इथं महिनाभर गप्प राहतो आणि तिथं चाळीसाव्या किलोमीटरला ट्यूबपर्यंत पोचतो. अंगठ्याला टोचलं तर चिमट्यानं उपसा. न टोचलं तरी परत एकदा फिरवा.

खाणं. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. शर्यतीत चोखायच्या गोड जेलच्या एका पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम असतं, मध्यम केळ्यातही तेवढंच. हे गणित घरच्या सरावातच पोटाला शिकवा, शर्यतीच्या दिवशी नवीन काही तोंडात घालू नका. शेंगापोळी नेऊ नका. मलाही आवडते, पण शेंगदाण्याचं तेल पोटात बसून राहतं आणि धावताना वर येतं. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा पोचले. त्यातल्या जॉन डनबरच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. तो तरीही दुसरा आला. गोवा आहे म्हणून कुणी हा आदर्श घेऊ नये.

आता मीठ.

आपण सोलापूरची माणसं, ४३ अंशांत लग्नाच्या वरातीत नाचणारी. ऊन आपल्याला काय सांगता, हाच माझा तोरा होता. आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो आणि तिथल्या तिथं उडून जातो, त्यामुळं किती गेला ते कळत नाही. गोव्याच्या दमट हवेत घाम उडत नाही, नुसता गळत राहतो, अंग थंड होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. हातावरचं घड्याळ घसरून मनगटावर फिरायला लागतं, एवढा.

आणि सूचना मिळाली नव्हती असंही नाही. मार्चपासून आमची ही सांगत होती. रविवारी सायकलवरून आलो की काळा टी-शर्ट दोरीवर टाकायच्या आधी उजेडात धरून म्हणायची, "अहो, याला मीठ फुटलंय बघा." पाठीवर, काखेखाली पांढऱ्या रेघांचा नकाशाच. जुन्या भिंतीला लोणा लागावा तसा. मी हसून सोडून दिलं. ज्याच्या टी-शर्टवर, टोपीच्या कडेला असा पांढरा थर धरतो त्याच्या घामात मीठ जास्त जातं, हे मला नंतर कळलं. तुमचे टी-शर्ट आज रात्रीच बघा.

घाम किती जातो हेही मोजा, अवघड नाही. सरावाला निघण्याआधी कपडे काढून काट्यावर उभं राहा, तासभर सायकल मारा, अंग पुसून परत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. मध्ये पाणी प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. माझा तासाला सव्वा लिटर निघाला. घामाच्या लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम, म्हणजे मिठातला कामाचा भाग, धरतात, पण माणसामाणसांत फार फरक असतो, म्हणून माझा आकडा उचलू नका. चहाच्या चमच्यात सपाट भरून मीठ घेतलं तर त्यात दोन ग्रॅमच्या वर सोडियम असतं, यावरून अंदाज येईल. ओआरएस घेणार असाल तर पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं घ्या, लिटरला २.६ ग्रॅम मीठवालं. खोक्यातलं गोड सरबत नको. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घाला, पाऊण लिटरच्या बाटलीत कोंबू नका. ज्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यानं आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं आणि मगच हा परिच्छेद वाचायचा.

मी हे सगळं केलं होतं बरं का. मिठाच्या कॅप्सूल आणल्या होत्या, कोणत्या तासाला किती ते कागदावर लिहिलं होतं. आणि पाकीट हवेनं ओलं होऊ नये म्हणून फ्रिजवर ठेवलं होतं, पावाच्या पिशवीमागं. ते तिथंच राहिलं. सकाळी सव्वानऊला हिनं मोबाईलवर फोटो टाकला: फ्रिज, पिशवी, पाकीट, खाली "हे लागणार होतं ना?" मी तेव्हा सायकलवर होतो. फोटो पाहिला संध्याकाळी.

मीठ नाही म्हटल्यावर मी आणखी मोठी चूक केली. भरपाई म्हणून वाटेतल्या प्रत्येक खाण्यापिण्याच्या टेबलावर साधं पाणी ढोसलं. दोन-दोन ग्लास. तहान असो नसो. त्यानं रक्तातलं उरलंसुरलं मीठ पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम गरजेपेक्षा खाली निघालं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं वजन धावून उलट वाढलं होतं, इतकं पाणी प्यायले होते. म्हणजे नुसतं मीठ खाऊन भागत नाही. तहान लागेल तेवढंच प्यायचं, आणि मीठ घेतलं म्हणून कितीही पाणी प्यायला मोकळीक नाही. दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवा.

बाराव्या किलोमीटरला पोटरीत बेडूक उडावा तसं व्हायला लागलं. तेराव्याला अंगठी रुतायला लागली. बोटं सुजली होती, मी ती फिरवून बघतोय आणि फिरत नाही. टेबलावर एक मुलगी संत्र्याच्या फोडी आणि वाटीत मीठ घेऊन उभी होती. मीठ समोर होतं! मी संत्रं उचललं, पाणी मागितलं आणि पुढं गेलो, कारण तेव्हा डोकं चालेनासं झालं होतं. चौदाव्याला उलटी. तंबूत डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोडियम १२८. १३५ च्या खाली जाऊ नये. मी पाणी मागत होतो, ते देईनात. कपात खारट, घट्ट सूप दिलं आणि विचारलं, "मीठ काय घेतलं होतं?"

"फ्रिजवर आहे," म्हणालो.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात ज्या गावात मार्शल लॉ लागला, ज्या गावचे चौघे १९३१ च्या जानेवारीत फासावर गेले, त्या गावचा मी. रोज चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून ऑफिसला जातो. आणि विसरलो काय, तर मीठ.

तर, मीठ चार ठिकाणी. सायकलच्या बाटलीत विरघळवलेलं. सायकलच्या दांडीवर चिकटपट्टीनं लावलेलं. धावण्याच्या पिशवीत. कमरेच्या पट्ट्यात. एक ठिकाण चुकलं तर तीन उरतात. कॅप्सूल उघड्या खिशात ठेवू नका, घामानं विरघळून चिकट गोळा होतो. घट्ट झाकणाची डबी हवी. चुन्याची नवीकोरी डबी उत्तम, चार-सहा कॅप्सूल मावतात आणि एका अंगठ्यानं उघडते. नवीकोरी म्हणालोय. अण्णांच्या खिशातली नव्हे.

शेवटचा आठवडा: सराव कमी, झोप जास्त, नवे बूट नाहीत. लग्नाला जाऊ नका.

आधला दिवस: सायकल ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहण्यातून सायकलवर चढायच्या जागी, लावून यावी लागते. टायरात हवा फुल्ल ठेवून उन्हात सोडू नका, ट्यूब फुटते. थोडी कमी ठेवा, सकाळी भरा. बाटल्या रात्रभर तिथं ठेवू नका. दोन पिशव्या भराल, एक सायकलची, एक धावण्याची. धावण्याच्या पिशवीत मीठ. जेवण दहीभात, लवकर, आणि त्यात मीठ जरा जास्तच घाला, लाड समजा.

सकाळ: शर्यतीच्या तीन तास आधी खा. शौच. पंप. वेळ मोजणारी चिप डाव्या पायाला. बाटल्या लावा, त्यातली एक चाखून बघा. खारट लागली पाहिजे. गोड लागली तर चुकीची आहे.

पाण्यातून बाहेर आलात की हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, बाद करू शकतात. पुढच्याच्या चाकामागं बारा मीटर सोडा, तुळजापूर रोडसारखं गप्पा मारत जोडीनं जायचं नाही. इअरफोन चालत नाहीत. नंबर सायकलवर मागं, धावताना पुढं. पहिले वीस किलोमीटर हळू मारा. तुम्ही मारणार नाही, मला माहिताय.

धावणं काय सांगू, धावा. टोपीत बर्फ घाला. अंगठी घरी ठेवून या. वाटी दिसली की चिमूटभर मीठ जिभेवर.

एकूण वेळ साडेआठ तास धरून चला. नंतर सायकल गोड्या पाण्यानं धुवा, समुद्राची हवा चेन खाते. पेडल सोडवताना डाव्याचे आटे उलटे असतात, जोर लावून मोडू नका.

गाडी गुरुवारी पहाटे पाचला सात रस्त्यावरून निघेल. गाडीत बसण्याआधी तिघांनीही आपापली डबी मला उघडून दाखवायची. माझी मी गेल्या रविवारीच गाडीच्या कप्प्यात ठेवलीय, आणि फ्रिजवर दुसरी आहे.