भूमध्य समुद्रातली क्रूझ: पश्चिमेची की पूर्वेची, कसं ठरवाल?

एजंटाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पीडीएफ येतात. एकात बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, रोम, नेपल्स. दुसरीत अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, कुशादासी. दोन्ही सात रात्रींच्या, भावात फार फरक नाही, फोटोही जवळपास सारखेच. मग घरात चर्चा होते आणि ज्या पीडीएफमधली नावं जास्त ऐकलेली, तिच्या बाजूने कौल पडतो.

नावांवर जाऊ नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. क्रूझमध्ये आपण शहरं विकत घेत नाही, प्रत्येक बंदरातले काही तास विकत घेतो. ते तास रस्त्यात जातात, रांगेत जातात की खरोखर बघण्यात जातात, हे आधी मोजता येतं. नाशिकमधून जाणाऱ्या कुटुंबाने ते कसं मोजावं, ते क्रमाने सांगते.

1. आधी बंदराचं खरं नाव शोधा

पीडीएफमध्ये ठळक अक्षरात ‘रोम’ असतं आणि बाजूला बारीक अक्षरात ‘चिविताव्हेक्किया’. जहाज त्या बारीक अक्षरातल्या गावाला लागतं. चिविताव्हेक्किया ते रोम हे अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. ‘फ्लॉरेन्स’ लिहिलं असेल तर जहाज लिव्होर्नोला लागतं आणि पुढे नव्वदेक किलोमीटर जावं लागतं. ‘अथेन्स’ म्हणजे पिरेयस. तिथून मात्र मेट्रोने थेट शहरात जाता येतं. ‘ऑलिंपिया’ म्हणजे काताकोलो.

वेनिसच्या बाबतीत तर विशेष जपा. 25,000 टनांपेक्षा मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जायला इटलीने 1 ऑगस्ट 2021 पासून बंदी घातली आहे. म्हणून ‘वेनिस’ लिहिलेली सहल मार्गेरा, त्रिएस्ते किंवा रावेन्नाहून सुटत असू शकते. त्रिएस्तेहून वेनिस रेल्वेने दोनेक तासांवर आहे. वेनिस बघायचंच असेल तर त्यासाठी वेगळी रात्र काढा, जहाजाच्या भरवशावर राहू नका.

2. हातात उरणारे तास कागदावर मांडा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून एक बंदर पूर्ण उलगडून दाखवते. समजा पीडीएफ म्हणते, रोम, सकाळी 7 ते संध्याकाळी 7. वाचताना बारा तास वाटतात.

जहाज सातला धक्क्याला लागलं तरी उतरायची परवानगी मिळून, गर्दीतून बाहेर पडेपर्यंत आठ होतात. जहाजाच्या धक्क्यापासून बंदराच्या फाटकापर्यंत चालू देत नाहीत, शटल बस घ्यावी लागते. तिथून स्टेशन गाठून तिकीट काढेपर्यंत पावणेनऊ. गाडी तासाभराची, थोडी मागेपुढे. म्हणजे रोममध्ये पाय ठेवायला दहा. आता उलटं मोजा. सुटायच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांना जहाजावर हजर राहावं लागतं, म्हणजे सहा. गाडी चुकली, उशिरा आली, यासाठी किमान तासभर राखून ठेवला तर बंदरावर पाचला पोचायला हवं, म्हणजे रोमहून साडेतीनची गाडी. हातात राहिले साडेपाच तास, त्यातच जेवण आणि स्वच्छतागृह. एवढ्यात व्हॅटिकन नीट होईल किंवा कोलोसियम नीट होईल. दोन्ही करायला गेलात तर धावपळीशिवाय काही लक्षात राहणार नाही. व्हॅटिकन निवडलंत तर मुख्य स्टेशनपर्यंत न जाता आधीच्या ‘सान पिएत्रो’ स्टेशनवर उतरा, सेंट पीटर्स तिथून चालत जाण्यासारखं आहे.

प्रत्येक बंदरासाठी असाच हिशेब करा. बार्सिलोनात बंदर शहराला खेटून आहे, शटलने कोलंबसच्या पुतळ्याच्या चौकात उतरलात की रामब्ला हा फिरण्याचा प्रसिद्ध रस्ता सुरू. नेपल्सला जहाजातून उतरलं की समोर शहर, आणि पॉम्पेईला जाणारी स्थानिक रेल्वे पाऊण तासाच्या आत पोचवते. माल्टाचं व्हॅलेटा तर धक्क्याच्या डोक्यावरच वसलं आहे, वर जायला लिफ्ट आहे. मार्सेयला क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून बराच लांब पडतो. पूर्वेकडे क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकचा धक्का जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर, माँटेनेग्रोतल्या कोतोरची तटबंदी धक्क्यासमोर, आणि तुर्कीतल्या कुशादासीहून एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष वीसेक किलोमीटरवर.

हिशेब मांडला की एक गोष्ट स्पष्ट होते. पश्चिमेच्या मार्गावर नावं मोठी आणि प्रवासही मोठा. पूर्वेच्या आणि एड्रियाटिकच्या (इटली आणि क्रोएशियामधला समुद्र) मार्गावर उतरलं की बघायला सुरुवात, असं जास्त ठिकाणी होतं.

स्वतःच्या हिमतीवर फिरताना एक लक्षात ठेवा: जहाजाच्या कंपनीची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर झाला तर ते सुटतं. लांबच्या शहरांना कंपनीची सहल, जवळच्या शहरांना स्वतः, हा नियम मला पटतो.

3. गुडघ्यांचा विचार करा

आईबाबा किंवा सासूसासरे बरोबर असतील तर ही पायरी टाळू नका.

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवरात ते उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटींनी कड्याखालच्या जुन्या बंदरात सोडतं. फिरा गाव कड्याच्या माथ्यावर आहे. वर जायला केबल कार किंवा जवळपास सहाशे पायऱ्या. सप्तशृंगी गडावर ट्रॉलीची रांग बघून ‘चढूनच जाऊ’ म्हणणारे आपल्यात असतात, पण इथे भर उन्हात त्याच पायऱ्यांवरून खेचरंही चालतात आणि दगड गुळगुळीत झालेले आहेत. ज्येष्ठांना तो मोह करू देऊ नका. दोन-तीन मोठी जहाजं एकाच दिवशी आली की खाली उतरताना केबल कारची रांग तासाच्या वर जाते, म्हणून परतीला दीड तास हातात ठेवा. सोपा उपाय असा की त्या दिवसापुरती कंपनीची सहल घ्यावी. ती बहुधा दुसऱ्या बंदरात उतरवून बसने वर नेते, निदान चढताना रांग लागत नाही.

टेंडरचं आणखी एक आहे. वारा वाढला तर कप्तान ते बंदर रद्द करतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारे जोरात वाहतात. केवळ सँटोरिनीसाठी पूर्वेची सहल घेत असाल तर हे दोन महिने टाळा.

एफेससला संगमरवरी उतार आहे, सावली जवळजवळ नाही. पॉम्पेईचे रस्ते उंचसखल दगडांचे. अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्सच्या प्राचीन टेकडीवर चढ आहे, आणि उष्णतेची लाट आली की ते दुपारी काही तास बंद ठेवतात. अलीकडच्या उन्हाळ्यांत असं वरचेवर झालं आहे. चालणं कमी ठेवायचं असेल तर व्हॅलेटा, बार्सिलोना, कोर्फू अशी बंदरं ज्या मार्गावर जास्त, तो घ्या.

4. व्हिसाची गाठ आधी सोडवा

स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस हे सगळे शेंगेन देश, म्हणजे या सगळ्यांना मिळून एकच व्हिसा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून त्यात आला. माँटेनेग्रो, अल्बेनिया आणि तुर्की बाहेर आहेत, ट्युनिशियाही बाहेर. जहाज अथेन्सहून निघून कुशादासीला गेलं आणि परत ग्रीसच्या बेटावर आलं, तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत आलात. सिंगल एंट्री व्हिसावर हे जमत नाही. अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा आणि सोबत जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा. ‘आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही’ म्हणून भागत नाही. कागद पूर्ण नसतील तर कंपनी पहिल्याच दिवशी जहाजावर चढू देत नाही.

माँटेनेग्रोला वैध शेंगेन व्हिसा चालतो. तुर्कीसाठी तुमच्या पासपोर्टला आणि तुमच्या मार्गाला नेमकं काय लागेल, ते कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी ‘हो जाईल’वर थांबू नका. मे 2025 नंतर आपल्याकडच्या बऱ्याच टूर कंपन्यांनी तुर्कीच्या सहली विकणं थांबवलं. तुम्हालाही तिथे जायचं नसेल तर पूर्वेची सहल सोडायची गरज नाही. फक्त ग्रीसची बेटं किंवा क्रोएशिया-माँटेनेग्रो-कोर्फू असे मार्ग मिळतात.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? ज्या देशात जास्त दिवस जातात तिथे. सारखे असतील तर जिथून पहिल्यांदा आत शिरता तिथे. फी मोठ्यांना 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मुंबईतल्या अपॉइंटमेंट फार लवकर भरतात, तेव्हा जानेवारीतच हलायला लागा.

5. तारीख आणि वार जुळवा

हवेच्या दृष्टीने एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर हे चांगले दिवस. शाळेची सुट्टी असलेल्यांना मे सोयीचा. द्राक्षबागायतदारांना एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी सांभाळायची असते, त्यांना मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा बसतो. 2027 चे ऑगस्ट-सप्टेंबर सिंहस्थाच्या पर्वण्यांचे आहेत, तेव्हा पाहुण्यांनी भरलेलं घर सोडून निघणं कठीण. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर पश्चिमेचा मार्ग बघा. तिथे जहाजं वर्षभर चालतात, पूर्वेकडे ऑक्टोबरनंतर फेऱ्या विरळ होतात.

वार मात्र कोणी बघत नाही, आणि तिथेच निराशा होते. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. फ्लॉरेन्सचं उफिझी कलासंग्रहालय सोमवारी बंद. इस्तंबूलचा ग्रँड बझार रविवारी बंद, तोपकापी राजवाडा मंगळवारी. दोन्ही पीडीएफवर प्रत्येक बंदरापुढे वार लिहा. रोमचा रविवार आणि फ्लॉरेन्सचा सोमवार असलेला आठवडा दिसला तर त्याच जहाजाचा दुसरा आठवडा मागा. बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया चर्च आणि अ‍ॅक्रोपोलिसची तिकिटं ठरलेल्या वेळेची असतात, ती घरूनच काढा.

6. खऱ्या खर्चाची बेरीज

भाव फक्त केबिनचा बघू नका. दर दिवशी माणशी ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप), वाय-फाय, पेयं, बंदरातला प्रवास, सगळं धरा. लांबच्या बंदरांमुळे पश्चिमेच्या मार्गावर सहलींचा खर्च वाढतो. पूर्वेकडे ग्रीसने जुलै 2025 पासून क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलं आहे: सँटोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी 20 युरो. ते भाड्यात धरलंय का, विचारा. टीसीएस, म्हणजे सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर, कापला जाईल, तो रिटर्न भरताना वळता होतो. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

7. आणि मग निवडा

माझं मत असं. तुम्ही पंधरा दिवसांची बसची युरोप टूर आधी केली असेल, तर रोम, पिसा, फ्लॉरेन्स झालेलं आहे. पश्चिमेच्या क्रूझवर तेच पुन्हा, आणि आधीपेक्षा कमी वेळात दिसेल. तुम्ही पूर्वेकडे जा. पहाटे कोतोरच्या आखातात जहाज शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंचे डोंगर इतके जवळ येतात की काठावरच्या चर्चचं दार उघडं आहे की बंद, ते डेकवरून कळतं. या मार्गासाठी बाल्कनीच्या केबिनचे जास्तीचे पैसे मला योग्य वाटतात. पश्चिमेकडे तुम्ही दिवसभर बाहेरच असता, तिथे साधी केबिन पुरते.

युरोप पहिल्यांदाच बघणार असाल तर पश्चिम घ्या, पण एका अटीवर. पश्चिमेच्या गोल मार्गावर काही कंपन्या बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, चिविताव्हेक्किया अशा बऱ्याच बंदरांतून प्रवासी घेतात. तुम्ही चिविताव्हेक्कियाहून चढा आणि आधी दोन-तीन रात्री रोममध्ये राहा. रोम पोटभर होतं, आणि साडेपाच तासांची ती तारांबळ तुमच्या वाट्याला येतच नाही.

लहान मुलं असतील तर आठवड्यात निदान एक पूर्ण समुद्राचा दिवस असलेला मार्ग निवडा, रोज पहाटे उठवून बाहेर काढलं तर तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळतात.

मार्ग ठरला की विमानाचं तिकीट काढताना जहाज सुटायच्या आदल्या दिवशी, जमलं तर दोन दिवस आधी पोचणारं घ्या. नाशिकहून मुंबई विमानतळ गाठताना समृद्धीमुळे आमण्यापर्यंत वेळ वाचतो, भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत तो परत जाऊ शकतो, तेव्हा घरून सहा तास आधीच्या हिशेबाने नव्हे, आठ तासांच्या हिशेबाने निघा. परतीचं विमान जहाज धक्क्याला लागल्यानंतर किमान सहा तासांचं ठेवा, चिविताव्हेक्कियाहून उतरणार असाल तर त्याहून थोडं जास्तच.