टेरिटरी गव्हर्नरच्या आयुष्यावर बोलायचंय? आयझॅक स्टीव्हन्स घेऊन तयारी अशी करा

सावानात (आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) बसून वाचा नाहीतर घरी मोबाईलवर, पण जन्मतारखेपासून सुरुवात करू नका, त्यात काही हाती लागत नाही. आधी बघा की या स्टीव्हन्सला नेमलं कोणी आणि पुढं मतं कोणाची मागायची होती, सगळं तिथूनच उलगडतं.

स्टीव्हन्स अमेरिकेतला, मूळचा इंजिनिअर. १८५२ च्या निवडणुकीत पिअर्सचा प्रचार केला, पिअर्स प्रेसिडेंट झाला आणि १८५३ ला नव्या वॉशिंग्टन टेरिटरीचा (टेरिटरी म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश) गव्हर्नर म्हणून यालाच पाठवलं (राजधानीचं वॉशिंग्टन नाही, पार पॅसिफिककडचं, हे सुरुवातीलाच सांगून टाका). नाशिकच्या लोकांना लगेच जॅक्सन कलेक्टर आठवणार, १९०९ ला विजयानंद थिएटरात कान्हेरेंनी ज्याला मारलं तो. वरून नेमलेला साहेब इथपर्यंत ठीक आहे, पण कलेक्टरला इथल्या लोकांची मतं मागायची नव्हती, स्टीव्हन्सला मागायची होती, १८५७ ला तो तिथूनच डेलिगेट म्हणजे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमधे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून गेला. आणि मत फक्त गोऱ्या पुरुषांना. मग मूळ जमातींकडून जमीन मोकळी करून द्यायची घाई कोणासाठी होती ते वेगळं सांगावं लागत नाही.

एका कागदावर तीन कॉलम पाडा: गव्हर्नर, इंडियन अफेअर्सचा सुपरिंटेंडेंट (इंडियन म्हणजे तिथल्या मूळ जमाती, आपण नाही), रेल्वे सर्व्हेचा प्रमुख. तिन्ही कामं एकाच माणसाकडे एकाच वेळी होती. प्रत्येक निर्णय कुठल्या कॉलममधे बसतो बघत जा, बरेच निर्णय दोन-तीन कॉलममधे बसतात आणि खरी मेख तिथंच आहे.

जमातींशी जमिनीबद्दल केलेले करार बरेच आहेत, सगळे सांगत बसू नका. एकच घ्या, मेडिसिन क्रीक, २६ डिसेंबर १८५४. बोलणी झाली चिनूक जार्गनमधे, म्हणजे व्यापारापुरती मोडकीतोडकी बोली, तिच्यात जमिनीचा हक्क काय समजावणार? पण त्यातलं तिसरं कलम सावकाश वाचून दाखवाच: नेहमीच्या जागी मासे धरायचा जमातींचा हक्क नागरिकांच्या बरोबरीने राहील. त्याच शब्दांवर १९७४ ला जज बोल्टने करारवाल्या जमातींना निम्म्या माशांचा हक्क दिला! एवढी ताकद एका ओळीत, मला हे दरवेळी वाचताना भारी वाटतं.

लेशायला मात्र वेळ द्या, प्लीज. निस्क्वॉली जमातीचा हा पुढारी, जमाती आणि गोरे यांच्यातल्या १८५५-५६ च्या लढाईनंतर खटला चालवून १८५८ ला फाशी दिला. त्याच लढाईच्या काळात स्टीव्हन्सने मार्शल लॉ लावून कोर्ट चालवणाऱ्या जज लँडरलाच अटक केली होती. २००४ ला ऐतिहासिक चौकशीसाठी बसलेल्या कोर्टाने लेशायला दोषी ठरवायला नको होतं असं सांगितलं. गव्हर्नरचं चरित्र आहे म्हणून हा माणूस तळटीपेत टाकू नका.

स्टीव्हन्स १८६२ ला अमेरिकेच्या यादवी युद्धात, शँटिलीच्या लढाईत हातात झेंडा घेऊन मेला, ते एका मिनिटात सांगा, शेवटाला ठेवलंत तर हिरोची गोष्ट होऊन बसते.

नकाशा मोठा प्रिंट काढून न्या आणि १८५३ चाच न्या, तेव्हाच्या टेरिटरीत आजच्या आयडाहो-मोंटानाचाही काही भाग येत होता, आजचा नकाशा लावलात तर रेल्वे सर्व्हेचं काहीच कळणार नाही.