श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच घाबरायला होतं? मग पायापासून सुरू करा

डिप्रेशन किंवा अँग्झायटी आहे म्हटलं की सगळे सांगतात "मेडिटेशन कर, बरं वाटेल", पण नेमकं करायचं काय ते कोणी सांगत नाही. मी पहिल्यांदा डोळे मिटून श्वास बघत बसले तर दोन मिनिटांत छातीत धडधड, श्वासच अडकतोय असं वाटायला लागलं, उठून सरळ गॅलरीत गेले. मग कितीतरी महिने वाटायचं, हे आपल्याला जमणारं नाही. जमतं हो, फक्त सुरुवात श्वासापासूनच करायची असं काही नाही.

खुर्चीत बसा, मांडीच घालायला हवी असं नाही. डोळे उघडे, नजर खाली. चप्पल काढून तळवे फरशीवर टेकवा आणि तिथे काय जाणवतंय तेवढंच बघा. फरशी गार लागते, एका टाचेवर भार जास्त असतो, करंगळी नीट टेकलेलीच नसते, आणि जरा वेळाने टाचेखालचा गारवा कमी झालेला कळतो. मोबाईलवर तीन मिनिटांचा टायमर लावा, बास.

मन जाणारच, ऑफिसचा मेल, ईएमआय, काल कोण काय बोललं. गेलंय हे कळलं की मनात म्हणायचं "विचार आला" आणि परत तळव्यांवर यायचं. वीसदा गेलं तर वीसदा परत आणायचं, व्यायाम तोच आहे, विचार बंद करायचेच नाहीयेत. डिप्रेशनमध्ये "माझ्याकडून काहीच होणार नाही" हे इतकं खरं वाटतं की तो एक विचार आहे हेच लक्षात येत नाही, त्याला "विचार आला" म्हणता आलं की पकड थोडी सैल होते.

आठ-पंधरा दिवसांनी श्वासाकडे वळा, नाकापाशी नको वाटलं तर पोटावर हात ठेवून.

बसवतच नसेल तर मनुका घ्या. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे लक्ष द्यायचा कोर्स सुरू केला, त्यातला हा प्रसिद्ध व्यायाम. एकच मनुका, आधी सुरकुत्या बघायच्या, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवून सावकाश चावायचा.

एक कळकळीने सांगते, त्रास जोरात असताना एकदम इगतपुरीचा १० दिवसांचा विपश्यना कोर्स बुक करू नका. तिथे मौन असतं, दिवसाला दहा-एक तास बसायचं असतं, आणि त्या अवस्थेत ते झेपेलच असं नाही. आधी डॉक्टरांशी बोला आणि फॉर्ममध्ये आजार, गोळ्या काहीही लपवू नका. आणि ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, अजिबात नाही. ध्यान करताना जुनं काही वर येऊन सहन होईना तर थांबा, उठा, तोंडावर पाणी मारा, घरातल्या कुणाशी तरी बोला. जीव नकोसा वाटत असेल तर ध्यान राहू दे बाजूला, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.